मज्जा आहे बुवा तुझी!

नवऱ्याबरोबर अमेरिकेत आलेल्या कुठल्याही मुलीला हे वाक्य महिन्यातून किमान चारदा ऐकावं लागतं. फोटो टाकला की लगेच. नायगारा? मज्जा आहे. बर्फ पडला? मज्जा आहे. अगदी एडिसनच्या ओक ट्री रोडवर पाणीपुरी खाल्ली तरी मज्जाच. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मावशी प्रेमाने म्हणते, कॉलेजच्या मैत्रिणी थोड्याशा हेव्याने म्हणतात, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलेली माझी जुनी टीममेट तर अगदी पोटतिडकीने म्हणते. पण मला आता या वाक्याचा जाम कंटाळा आलाय, आणि तो का आलाय हे एकदा सविस्तर लिहायचं ठरवलंय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. चार-पाच वर्षं नोकरी केलेल्या मुलीची नोकरी बंद करून तिला परदेशात न्यायचं आणि त्या बदल्यात तिला दर लाँग वीकेंडला फिरवून आणायचं, हा सौदा वाईट आहे. तो सौदा आहे असं कुणी मोठ्याने म्हणत नाही, हे त्याहून वाईट. आणि व्हिसा नक्की कुठला, त्याने काय काय बंद होतं, हे मुलीला, तिच्या आईबाबांना आणि बऱ्याचदा खुद्द मुलालाही धड माहीत नसतं. सगळे इंजिनियर हां! मोबाईल घेताना प्रोसेसरचे आकडे तोंडपाठ असणारे.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नवरा इथे एच-वन-बी व्हिसावर काम करतो. तो तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. बायकोला मिळतो एच-फोर, म्हणजे अवलंबिताचा. एच-फोरवर मी कॉलेजात जाऊ शकते, गाडी चालवू शकते, बँकेत जॉइंट खातं काढू शकते, नवऱ्याबरोबर टॅक्स रिटर्न भरू शकते. फक्त एक डॉलर कमवू शकत नाही. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नंबर नाही म्हणून या देशाच्या निम्म्या कॉम्प्युटर सिस्टिम्सच्या लेखी मी एक रिकामा रकाना आहे. डेटाबेसवर काम केलेल्या माणसाला 'नल व्हॅल्यू' म्हणून जगायला लागणं यात एक विनोद आहे, पण तो पहिल्या महिन्यातच शिळा होतो.

"पण आता एच-फोरवाल्यांना काम करता येतं ना?" असं कुणीतरी म्हणेलच. येतं, काहींना. २६ मे २०१५ पासून नियम असा आहे की नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल तर बायकोला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येतो. (ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे नवऱ्याचा व्हिसा सहा वर्षांपुढे वाढला असेल तरीही मागता येतो.) आता हा आय-१४० भरणार कोण? नवऱ्याची कंपनी. त्याच्या आधी पर्म नावाची पायरी असते, जाहिराती देऊन अमेरिकन माणूस मिळत नाही हे सिद्ध करायची. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आणि ही पायरी चढायला सुरुवात कधी करायची हे कंपनी ठरवते. आमच्या कंपनीचं (बघा, 'आमच्या' म्हणते मी, सवय!) उत्तर दोन वर्षं एकच आहे, "पुढच्या वर्षी बघू." म्हणजे माझं करिअर कुठल्या तरी एचआरच्या टू-डू लिस्टमध्ये विसाव्या नंबरवर आहे, आणि त्या बाईंना माझं नावही माहीत नाही.

बरं, परवाना मिळाला म्हणून सुटलात असंही नाही. ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत हा नियमच रद्द करायचा प्रस्ताव तयार झाला होता, तो जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तोपर्यंत कित्येक बायका दर सहा महिन्यांनी 'आता जाणार, आता जाणार' या धास्तीत नोकऱ्या करत होत्या. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला की जुन्या परवान्याची मुदत काही काळ आपोआप वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ती सोय नाही. नवा परवाना वेळेत आला नाही तर काम थांबवायचं आणि घरी बसायचं. २०१५ ते २०१७ या काळात ज्यांना हे परवाने मिळाले त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त भारतात जन्मलेले होते आणि नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. तेव्हा हा 'इमिग्रेशनचा तांत्रिक मुद्दा' वगैरे काही नाही. हा आपल्या घरातल्या मुलींचा मुद्दा आहे.

खरी गंमत पुढे आहे. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. तिचा नवरा कंपनीतर्फेच बदली होऊन आलाय, एल-वन व्हिसावर. ती एल-टू. एल-टूवाल्यांना २००२ पासून परवाना काढून काम करता येत होतं, आणि नोव्हेंबर २०२१ पासून तर वेगळा परवानासुद्धा लागत नाही, तो दर्जा असणं हाच परवाना. ती सकाळी साडेसातला लॅपटॉपची बॅग घेऊन एडिसन स्टेशनकडे निघते आणि मी खिडकीतून बघते. तिची डिग्री, माझी डिग्री, दोघींचे नवरे, दोघींचं भाडं, सगळं जवळपास सारखं. फरक फक्त अक्षराचा. मला यामागचं लॉजिक कुणी समजावून सांगितलं तर मी त्याला घरी बोलावून पुरणपोळी खायला घालीन. वेळ भरपूर आहे माझ्याकडे. :)

वेळेवरून आठवलं. 'परदेशातला संसार' नावाखाली जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात शनिवार-रविवार असतात, सोमवार ते शुक्रवार नसतात. ते मी सांगते. गाडी एक, ती नवरा घेऊन जातो. न्यू जर्सीच्या उपनगरात गाडी नसलेला माणूस म्हणजे बेटावरचा माणूस. बस आहे, पण तासाला एक, आणि स्टॉपपर्यंत जायला फुटपाथ असेलच असं नाही. सकाळचे नऊ ते अकरा बरे जातात कारण तेव्हा पुण्यात संध्याकाळ असते, आईशी बोलणं होतं. उन्हाळ्यात इथे दुपारचे दोन वाजले की तिकडे रात्रीचे साडेअकरा. म्हणजे दुपारी दोनला माझ्या ओळखीचं सगळं जग झोपायला जातं, आणि नवरा यायला अजून साडेचार तास असतात. त्या साडेचार तासांचा फोटो कुणी काढत नाही.

पब्लिक लायब्ररी नसती तर मी काय केलं असतं कोण जाणे. तिथे चकटफू बसता येतं, वायफाय मिळतं, म्युझियमचे पाससुद्धा मिळतात. तिथेच मला आमच्या 'जमाती'तल्या बाकीच्या भेटल्या. एक तेलुगू डेंटिस्ट, एक गुजराती सीए, एक चेन्नईची मुलगी जी चिप डिझाइन करायची. आम्ही चौघी मिळून काय करतो? लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला खुर्च्या मांडतो. कामात कमीपणा अजिबात नाही, पण डेंटिस्टने खुर्च्या मांडाव्यात म्हणून तिच्या आईवडलांनी पाच वर्षांची फी भरली नव्हती.

आता फिरण्याबद्दल. फिरण्याला माझा विरोध नाही, उलट आम्ही दोघं पक्के भटके आहोत. लग्नाआधी सह्याद्रीत, आता इथे. पण अमेरिकेतल्या देशी जोडप्यांच्या ट्रिपा नक्की कशा होतात ते बघा. नवऱ्याच्या सुट्ट्या मोजक्या. म्हणून मेमोरियल डे, लेबर डे, थँक्सगिव्हिंग, असे लाँग वीकेंड धरायचे. मग प्लॅनिंग कोण करतं? बायको. कारण तिला 'वेळच वेळ'. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही अकेडिया नॅशनल पार्कला गेलो. तिथे कॅडिलॅक माउंटनवर सूर्योदय बघायला गाडी न्यायची तर आधी जागा राखून ठेवावी लागते, आणि सत्तर टक्के जागा दोन दिवस आधी सकाळी दहाला खुल्या होतात. मी दहाला पाच कमी असताना दोन ब्राउजर उघडून बसले होते. हॉटेलं, रद्द करण्याच्या तारखा, पेट्रोल, मायक्रोवेव्ह आहे का, तांदूळ आणि छोटा कुकर, परतीच्या वाटेवर किती वाजता कुठे ट्रॅफिक लागेल, सगळं एक्सेलमध्ये. याच कामाचे पुण्यात मला महिन्याला पैसे मिळायचे आणि हुद्द्यात 'लीड' असा शब्द होता.

आणि ट्रिपनंतर? सहाशे फोटो. ते निवडायचे, सरळ करायचे, ओळी लिहायच्या, दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकायचे. तेही तिनेच. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचंच हसू आलं. म्हणजे मी मज्जेत असल्याचा पुरावा मीच तयार करते, तोही बिनपगारी, आणि त्या पुराव्याच्या आधारे मला सांगितलं जातं की तक्रार करू नकोस!

नायगाराला तर इतकी देशी मंडळी असतात की पुणे स्टेशनला उतरल्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या बाजूने बोटीत बसलात तर निळा रेनकोट, कॅनडाच्या बाजूने लाल. खरा देखावा कॅनडाच्या बाजूने दिसतो, पण त्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा, म्हणून आम्ही निळ्यात. धबधबा? धबधबा प्रचंड आहे, त्याच्यापुढे बोलती बंद होते, त्यात वाद नाही. पण परतीच्या सात तासांत मागे बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एक, चार वर्षं एच-फोरवर असलेली, अगदी सहज म्हणाली, "मला आता इंटरव्ह्यूची भीती वाटते गं. कुणी मला कोड लिहायला सांगितला तर?" ही मुलगी कॉलेजात आम्हाला अल्गोरिदम शिकवायची. गाडीत कुणी काही बोललं नाही. मग नवऱ्याने गाणी लावली.

या विषयावर पूर्वी कुणी बोललंच नाही असंही नाही. मुंबईहून आलेल्या आणि स्वतः एच-फोरवर राहिलेल्या मेघना दमानी यांनी २००७ मध्ये 'हार्ट्स सस्पेंडेड' नावाचा माहितीपटच काढला. तेव्हा तर ईएडीचीही सोय नव्हती. २०१८ मध्ये एमी भट्ट यांचं 'हाय-टेक हाउसवाइव्हज' हे पुस्तक आलं. म्हणजे बोललं गेलंय, फक्त आपल्या कांद्यापोह्यांपर्यंत पोचलेलं नाही.

सल्ले मात्र सगळ्यांकडून पोचतात. "शिक ना काहीतरी." शिकले आहे हो, बीई. इथे एमएस करायचं तर एका पगारातून हजारो डॉलर काढायचे, आणि डिग्रीनंतर काम करायला परत वेगळ्या व्हिसाची लॉटरी. "तिकडच्या कंपनीचं काम घरून कर." विचारलं होतं. पुण्यातला माझा मॅनेजर तयार होता. पण वकिलाने स्पष्ट सांगितलं की तुम्ही अमेरिकेत बसून केलेलं काम हे अमेरिकेत केलेलं काम धरलं जाईल, व्हिसा धोक्यात घालू नका. "मग आता मूल होऊ द्या, वेळ आहे तर." यावर मी काय बोलणार? मूल हा बेंचवर बसलेल्या माणसाला द्यायचा प्रोजेक्ट नव्हे.

आणि शेवटचा रामबाण, "मग परत ये ना, कुणी अडवलंय?" कुणीच नाही. पण परत येणं म्हणजे एक तर संसाराचे दोन तुकडे, नाहीतर नवऱ्याने नोकरी सोडणं. हा पर्याय नाही, हा ब्लॅकमेल झाला. साधं भेटायला येणंही आता सोपं राहिलेलं नाही. पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर भारतात जाऊन नवा घ्यावा लागतो. पूर्वी बऱ्याच जणांचं काम नुसती कागदपत्रं जमा करून होत असे, सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना मुलाखत द्यावी लागते. डिसेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियाची तपासणी आली आणि भारतात ठरलेल्या कित्येकांच्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. चुलतबहिणीच्या लग्नाला मी गेले नाही. काकू अजून रुसलेली आहे. तिला वाटतं, ग्रँड कॅन्यनला जायला वेळ आहे आणि कोल्हापूरला यायला नाही. काकू, ग्रँड कॅन्यनला शिक्का लागत नाही गं!

एका ट्रिपबद्दल मात्र लिहायलाच हवं. इथून अर्ध्या तासावर रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय बोटीने आल्या आणि रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. मग फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. गोपाळराव नंतर आले. गोपाळराव काही संत नव्हते, त्यांचा जाचही सगळ्यांना ठाऊक आहे, पण बायको पुढे आणि नवरा मागून, असा क्रम एकोणिसाव्या शतकात लागला होता. आनंदीबाई १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि ती हडसनकाठी पकीप्सीच्या दफनभूमीत आहे. आम्ही एका शनिवारी दोन तास गाडी चालवून तिथे गेलो. दगडावर नाव आहे, पुढे एम. डी. आहे, आणि शिक्षणासाठी भारत सोडून आलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री असं लिहिलंय. 'अमक्याची पत्नी' असं नाही. मी बराच वेळ उभी राहिले. त्या काळी भारतातून येणाऱ्याला व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे कुणी त्यांच्या कागदावर 'अवलंबित' असा शिक्का मारला नाही. माझ्या पासपोर्टच्या व्हिसावर नवऱ्याचं नाव छापलेलं आहे.

आता नवऱ्यांबद्दल. माझा नवरा चांगला आहे, भांडी घासतो, हे वाचून छापायला परवानगीही त्याने दिलीय (गंमत केली, परवानगी मागितली नव्हती). पण एक जात मला ओळखीची झालीय. ऑफिसात साध्या चहाच्या मशीनसाठी ईमेलवर ईमेल लिहिणारे, पण "माझा पर्म कधी सुरू करताय?" हे विचारायला घाबरणारे. आत कुठेतरी त्यांना सोयीचंही वाटत असतं. घरी आलं की गरम पोळी, इस्त्रीचा शर्ट, वीकेंडची ट्रिप ठरलेली. "तिला कुठे घाई आहे?" असं एकाने माझ्यासमोर म्हटलं. त्याची बायको आतून चहा आणत होती. चार्टर्ड अकाउंटंट आहे ती.

आणि ज्या मुलींची लग्नं अजून व्हायचीत त्यांच्या आईबाबांना हात जोडून सांगणं आहे. 'अमेरिकेतलं स्थळ' ऐकलं की पगार विचारता, घर विचारता, मांसाहार विचारता, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारता. मग हेही विचारा: व्हिसा कुठला? एल का एच? एच असेल तर आय-१४० मंजूर झालाय का? नसेल तर कंपनीने लेखी तारीख दिलीय का? मुलगा नोकरी गमावून बसला तर साठ दिवसांत दोघांनाही गाशा गुंडाळावा लागू शकतो, हे मुलीला ठाऊक आहे का? यात उद्धटपणा कसला? आणि अमेरिका म्हणजेच परदेश असंही नाही. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, तिच्याकडून आधी जर्मन भाषेची परीक्षासुद्धा मागत नाहीत. भाषा यावी लागते ती नोकरी मिळवायला, पण दार तरी उघडं असतं. ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसावर आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याच्या जोडीदाराला नोकरी करता येते. जपानमध्ये परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तास. तेही अर्धवटच, पण शून्यापेक्षा अठ्ठावीस जास्त, एवढं गणित तर सगळ्यांना येतं.

ज्यांना खरोखरच घरी राहायचंय, थोडं थांबायचंय, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझ्या ओळखीत एक आहे, ती इथे येऊन पहिल्यांदाच मनसोक्त चित्रं काढतेय आणि खूष आहे. तिने ते निवडलं. मला फॉर्मवरच्या एका खुणेने निवडलं.

पुढच्या महिन्यात नवऱ्याचं अप्रेझल आहे. परवा रात्री जेवताना आम्ही मुद्दे लिहून काढले, माझ्या त्या ट्रिपवाल्या एक्सेलमध्येच, नवीन शीट उघडून. पहिली ओळ पगारवाढ नाही. पहिली ओळ आहे पर्म सुरू करण्याची तारीख, लेखी. वाढ दोन टक्के कमी दिली तरी चालेल असं त्याने स्वतःहून टाइप केलं. मिळाली तारीख तर ठीक. नाही मिळाली तर दुसऱ्या शीटवर म्युनिकच्या तीन कंपन्यांची नावं आहेत, आणि त्यांतल्या दोन जाहिराती माझ्या स्किलसेटच्या आहेत.